तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पिल्लाला हात का लावला नाही

"पिल्लू डोळ्यांदेखत उपाशी मरत होतं आणि तुम्ही नुसत्या बघत राहिलात?" पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवर सी लायनचं (समुद्रसिंहाचं) एक भुकेलं पिल्लू पाहून आल्यापासून भाचीने विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, धड ओळख नसलेल्यांनीही विचारलं. प्रत्येकाला अर्धवट उत्तर देऊन थकले.

प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचा नियम आहे, एवढं सांगून भागत नाही. नियम मलाही मोडावासा वाटत होता.

तिथल्या फर्नांदिना बेटावर, पुंता एस्पिनोसा या किनाऱ्याच्या काळ्या लाव्हावर ते होतं. सी लायनचं पिल्लू. कातडी लोंबत होती, बरगड्या दिसत होत्या. शेळीच्या करडासारखं ओरडत एकेका मादीपाशी सरपटत जायचं. ती हुंगायची आणि दात दाखवून हुसकून लावायची. सी लायनची आई फक्त आपल्याच पिल्लाला पाजते. आवाजाने आणि वासाने त्याला ओळखते. सगळ्या माद्या झाल्यावर ते आमच्याकडे वळलं. माझ्या बुटाला नाक लावलं. गाईड हळू आवाजात म्हणाला, मागे सरका. सरकले. ते पुन्हा आलं. मी पुन्हा सरकले. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. थोड्या अंतरावर कातळावर एक हॉक, शिकारी पक्षी, बसला होता, तो कशासाठी बसलाय हे कुणी सांगायची गरज नव्हती.

घरी मी मांजरीने टाकलेली पिल्लं ड्रॉपरने दूध पाजून वाढवलीत. ती पिल्लं वाढवणारी मी आजही मागे सरकलेल्या मला विचारते, उचललं का नाहीस? मागे सरकलेली मी म्हणते, पाजणार काय होतीस? आई मासे धरायला गेली की कधी कधी काही दिवस परतत नाही; ती आली असती आणि पिल्लाला तुझ्या हाताचा वास असता तर? ती म्हणते, आणि आलीच नसती तर? इथे मी गप्प होते.

खोलातून येणारा थंड क्रॉमवेल प्रवाह या बेटाला धडकून वर चढतो, त्यावर इथली सगळी मासळी जगते. एल निनोत, म्हणजे दर काही वर्षांनी पॅसिफिक तापतो त्या काळात, तो मंदावतो, पाणी तापतं, आयांना खाणं मिळत नाही. 1982-83 आणि 1997-98 मध्ये पिल्लं मोठ्या संख्येने दगावली. आम्ही गेलो ते 2023 हेही एल निनोचंच वर्ष.

"आणि नंतर स्नॉर्केलिंगही केलंत!" हो, केलं, मास्क लावून पाण्यात डोकावत पोहले. पाण्याखाली इग्वाना, म्हणजे समुद्री सरडे, नखांनी खडक धरून शेवाळ खरवडत होते. उपासमारीत हेच इग्वाना लांबीलाही आखडतात. उडता न येणारा पाणकावळा नुसते पाय मारत माझ्याखालून गेला. एक धट्टंकट्टं सी लायन माझ्या मास्कसमोर येऊन बुडबुडे सोडून गेलं. मला आनंद झाला, अगदी मनापासून. तो लपवायला मी तयार नाही.

बोटीवर गाईडकडे हा विषय काढला. तो म्हणाला, जाळ्यात किंवा गळात अडकलेल्या प्राण्याला राष्ट्रीय उद्यानाची माणसं सोडवतात, उपचारही करतात, कारण ती इजा माणसाने केलेली. भूक निसर्गाची, म्हणून तिच्यात हात घालायचा नाही. मी विचारलं, समुद्र आपल्यामुळे तापत असेल, तर ही भूक कुणाची? तो म्हणाला, यावरून आम्हा गाईडांमध्येच भांडणं होतात.

पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा मागे सरकेन. पण "निसर्गाचा क्रमच आहे तो, वाईट वाटून घेऊ नका" हे मला कुणी सांगू नका. "बघत राहिलात"पेक्षा त्याचा मला जास्त राग येतो.