पक्ष्यांच्या बेटावर काय उगवते

एडिनबराच्या पूर्वेला नॉर्थ बेरिक या गावाच्या किनाऱ्यावरून समुद्रात काही लहान बेटे दिसतात. त्यांपैकी बास रॉकवर २०१४ च्या गणनेत गॅनेट या समुद्रपक्ष्याच्या सुमारे ७५,००० जोड्या आढळल्या होत्या. उन्हाळ्यात तो खडक विष्ठेने पांढरा होतो. खत इतके, तर हिरवळही तितकीच, असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. परंतु तसे होत नाही.

बेळगाव-खानापूरकडे शेतात मेंढरे बसवतात, तेव्हा एका जागी कळप किती रात्री ठेवायचा हे शेतकरी आणि धनगर दोघांनाही नेमके ठाऊक असते. बेटावर असा हिशेब ठेवणारे कोणी नसते. विष्ठेतील युरिक आम्लाचे सूक्ष्मजीव अमोनियात रूपांतर करतात, त्याने कोवळी पाने करपतात. पुढे त्याच अमोनियाचे नायट्रेट होताना माती आम्लधर्मी होत जाते. शिवाय पक्ष्यांचे पाय झाडोरा तुडवतात आणि जमिनीत बिळे करणारे पफिन हे समुद्रपक्षी मुळे उघडी पाडतात. त्यामुळे निकस जमिनीत रमणारी हेदरसारखी झुडपे मागे हटतात, आणि भरपूर नायट्रोजन पचवणारे गवत व खाजकुइलीसारखी अंग चुरचुरवणारी नेटल ही वनस्पती पुढे सरकतात.

पक्षी नाहीसे झाले की चित्र उलटते. अलास्काच्या अल्यूशियन बेटांवर फरच्या व्यापारासाठी कोल्हे सोडण्यात आले; त्यांनी समुद्रपक्षी फस्त केले, समुद्राकडून येणारे खत थांबले आणि दाट गवताच्या जागी खुरटी झुडपे आली. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. कोल्ह्याने गवत बदलावे, हे मला तरी अजून नवलाचे वाटते.

नॉर्थ बेरिकसमोरच्या क्रेगलीथ बेटावर मात्र वनस्पतीच पक्ष्यांवर उलटली. ट्री मॅलो ही आपल्या भेंडी-अंबाडीच्या कुळातील, तीन मीटरपर्यंत वाढणारी वनस्पती माणसांबरोबर या बेटांवर आली. विष्ठेने सकस झालेली माती आणि सौम्य होत गेलेले हिवाळे तिला मानवले. तिला कुरतडणारे ससेही रोगाने घटले होते. तिच्या गर्दीत पफिनना बिळांपर्यंत पोहोचणे अशक्य झाले, आणि एकेकाळी सुमारे २८,००० जोड्या असलेली वसाहत काही हजारांवर आली. २००७ पासून स्वयंसेवक ही झाडे तोडत आहेत. विणीच्या काळात बिळांवर पाय पडू नये म्हणून हे काम पक्षी समुद्रावर निघून गेल्यानंतरच करतात, आणि बिया मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहत असल्याने ते पुन्हा पुन्हा करावे लागते.