लिस्बनला जायचंय, पण निवांत

युरोपला जाणार म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुठल्या टूरबरोबर? आणि दुसरा, किती देश? एकच देश, त्यातही एकच शहर, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा होतो जणू आम्ही लग्नाच्या पंगतीला जाऊन नुसता मठ्ठा पिऊन येणार आहोत. नणंदेने तर स्पष्टच विचारलं, अगं एवढा व्हिसा काढताय, एवढं विमानाचं भाडं भरताय, आणि पॅरिस नाही, स्विस नाही, मग बघणार काय? ती मागे टूरने जाऊन आली, पहाटे बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या, नाश्ता उरकून बसमध्ये बसायचं, रात्री जेवायला पोळीभाजी, आणि खरं सांगते तिला मजा आली, त्यात मी खोट काढत नाही. फक्त प्राग कुठलं आणि व्हिएन्ना कुठलं हे आता तिला फोटोखालची तारीख बघून सांगावं लागतं. मला ते नकोय. मला एका गावात सकाळी उठून, आज काय करायचं बरं, हे चहा पिता पिता ठरवायचंय.

आता यातली गोम अशी की निवांत जायचं तर प्लॅनिंग दुप्पट करावं लागतं. पळापळीच्या ट्रिपचं सोपं असतं, सगळं यादीत टाका आणि धावा. निवांत जाणाऱ्याला आधी काय बघायचं नाही ते ठरवावं लागतं आणि ते जाम जड जातं, कारण इंटरनेटवर प्रत्येक दगडापुढे 'मस्ट सी' लिहिलेलं असतं.

लिस्बनच का, तर ती पोर्तुगालची राजधानी आणि आम्ही वसईचे. सकाळी फिरायला किल्ल्यात जातो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली, मधली दोनशे वर्षं ही मंडळी इथे चर्चेस, मठ, वाडे बांधत राहिली, आणि त्याचं जे काय उरलंय ते आमच्या मॉर्निंग वॉकच्या वाटेवर आहे. तेव्हा मराठ्यांनी जिंकून नेलेल्या वसईच्या चर्चच्या घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला गेल्या, ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण घंटा लावणारे आले कुठल्या गावातून, तिकडे ऊन कसं पडतं, त्यांची नदी केवढी, हे कुणी सांगत नाही. ते एकदा बघून यावं एवढंच डोक्यात होतं. शेजारच्या मावशींनी वेगळंच काम दिलंय, त्यांच्या सेंट अँथनीला मेणबत्ती लावायची, कारण पडुआचा म्हणतात तो संत मुळात लिस्बनला जन्मलेला आणि त्याच्या जन्मघराच्या जागेवर तिथे चर्च आहे. त्याचा सण १३ जूनला, आदल्या रात्री सगळं जुनं गाव रस्त्यावर सार्डिन भाजत आणि नाचत असतं म्हणे. ऐकायला भारी आहे, पण त्या गर्दीत निवांत काही होणार नाही, म्हणून जून खोडला. ऑगस्ट उन्हाने आणि टुरिस्टांनी भरलेला, तोही खोडला. उरला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे गणपती झाल्यावर आणि नवरात्राच्या आत, म्हणजे नेमका पितृपक्ष. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

मग व्हिसा. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो, त्याची फी ९० युरो, किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला विमा, बँकेची स्टेटमेंटं, हॉटेलचं बुकिंग, हे सगळं समजू शकते. पण त्यात दिवसवार कार्यक्रमही जोडा म्हणतात! म्हणजे कुठल्या वारी कुठे जाणार ते तारखेनिशी लिहून द्यायचं. आम्ही ट्रिपच मुळी काही न ठरवता जाण्यासाठी काढलेली. मी प्रामाणिकपणे दोन दिवसांपुढे 'बागेत बसणे, नदीकाठी फिरणे' असं लिहिलं तर कागद बघणारा मुलगा म्हणाला, काकू, इथे एखादं म्युझियम टाका ना, रिकामं दिसतंय. मग टाकलं म्युझियम. गुलबेंकियनचं टाकलं, त्याला मोठी बाग आहे, म्हणजे बागेत बसलो तरी कागदावरचं खोटं ठरायला नको.

हॉटेल शोधताना कळलं की नकाशा सपाट असतो आणि लिस्बन नसतं. सात टेकड्यांचं गाव म्हणतात त्याला. मोबाइलवर हॉटेलपासून किल्ला पाचशे मीटर दिसतो, आपण म्हणतो वा, काय मोक्याची जागा, आणि ते पाचशे मीटर सगळे जिन्याचे निघतात. माझे गुडघे पन्नाशीचे आहेत, नवऱ्याचे त्याहून जुने, तेव्हा नियम केला की राहायचं बायशामध्ये, म्हणजे खालच्या सपाट भागात. आणि हा भाग सपाट असण्याबरोबर सरळही का आहे त्याची गोष्ट वाचून मी त्या रात्री झोपलेच नाही. १ नोव्हेंबर १७५५, सगळ्या संतांच्या सणाचा दिवस, सकाळची वेळ, गाव सगळं चर्चमध्ये, मेणबत्त्या लागलेल्या, आणि भूकंप झाला. पडझडीतून वाचलेले लोक मोकळ्या जागेत म्हणून नदीकाठी पळाले तर तिकडून पाणी चढून आलं, आणि मागे त्या मेणबत्त्यांनी आग लागली ती कित्येक दिवस. नंतर मार्क्विस ऑफ पोंबाल नावाच्या प्रधानाने हा भाग नव्याने आखला, सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, भिंतींच्या आत लाकडी पिंजरा म्हणजे पुन्हा हादरे बसले तर इमारत एकदम कोसळू नये. गल्ल्यांना धंद्यांवरून नावं दिली, सोन्याची गल्ली, चांदीची गल्ली, चांभारांची गल्ली. म्हणजे आमचं हॉटेल जिथे आहे तो सगळा भाग त्या एका सकाळीनंतरचा.

वर टेकडीवर कार्मोचा मठ आहे, त्याचं छप्पर त्याच भूकंपात गेलं, नंतर बांधायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं ते आजतागायत तसंच, वर नुसत्या कमानी आणि आकाश. मी मोठ्या कौतुकाने फोटो दाखवला तर नवरा म्हणाला, अगं बिनछपराची पोर्तुगीज चर्चेस बघायला एवढा खर्च कशाला, ती तर आपण रोज फुकट बघतो. बिनतोड होतं ते. तरी पण कार्मो यादीत ठेवलंय. वसई गेली १७३९ ला आणि लिस्बन पडलं १७५५ ला, सोळा वर्षांच्या अंतराने दोन्हीकडची छपरं गेली, एकीकडे तोफांनी आणि मग काळाने, दुसरीकडे धरणीने, तर दुसरी बाजू नको का बघायला.

चढायची सोय काय, यावर माझा अभ्यास दांडगा झालाय. सान्ता जुस्ताची लोखंडी लिफ्ट, १९०२ ची, पंचेचाळीस मीटर उंच, दिसायला सुंदर पण तिची रांग म्हणजे दर्शनाची रांग, ती खालूनच बघायची. वर जायला मेट्रो स्टेशनचे सरकते जिने आहेत, किल्ल्याच्या बाजूला जायला एका साध्या बिल्डिंगमधून चक्क फुकट लिफ्ट आहे. ग्लोरियाची ती पिवळी चढण-ट्राम १८८५ पासून चालायची, सप्टेंबर २०२५ मध्ये तिचा केबल तुटून अपघात झाला आणि सोळा माणसं गेली, ते वाचल्यावर तिच्याकडे नुसतं फोटोची जागा म्हणून बघवेना.

आणि अठ्ठावीस नंबरची ट्राम. हिच्याशिवाय लिस्बन पूर्ण होत नाही असं सगळे म्हणतात, लाकडी बाकांची, १९३० च्या दशकातली धूड, आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून भिंती घासत जाते. पण दिवसा तिच्यात पाय ठेवायला जागा नसते आणि खिसेकापूंची तर ती कर्मभूमीच. आयुष्यभर सकाळची विरार लोकल पकडलेल्या माणसाने सुट्टीवर जाऊन पुन्हा लटकायचं का, हा प्रश्न मी घरात मांडला आणि एकमताने पास झाला. भल्या पहाटे जाग आली तर बसू. येईलच म्हणा, साडेचार तासांचा फरक आहे, त्यांच्या पहाटे साडेतीनला आपलं शरीर आठ वाजले म्हणून उठून बसणार. तर पहिले एक-दोन दिवस हे जेटलॅग कामाला लावायचं, गाव झोपलेलं असताना ट्राममध्ये खिडकी मिळवायची आणि दुपारी खुशाल झोपायचं.

लिस्बनच्याच नदीकाठच्या बेलें भागाला मात्र पूर्ण दिवस. तिथला जेरोनिमोस मठ बघायचाच, वास्को द गामाची कबर त्याच चर्चमध्ये आहे. हा माणूस १५२४ साली आपल्या कोचीला वारला, ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, पुढे हाडं पोर्तुगालला नेली आणि या मठात आणली ती पार १८८० मध्ये. त्याच्यावर फार प्रेम ऊतू जातंय असं नाही, त्याने मलबार किनाऱ्यावर जे केलं ते वाचलंय, पण गोव्यात त्याच्या नावाच्या स्टेशनवर कितीदा उतरलोय, तर समोर जाऊन उभं राहायला काय हरकत आहे. मठ सोमवारी बंद असतो. शेजारीच १८३७ पासूनचं ते कस्टर्ड टार्टचं दुकान आहे, गरम टार्ट, वर दालचिनी आणि पिठीसाखर, पण त्यात भरपूर अंडं असतं आणि सोमवारी नवरा अंडं खात नाही, तेव्हा बेलें सोमवारी नाही हे दोन्ही बाजूंनी पक्कं झालं. आणि एक, दारातली लांब रांग ही पार्सलवाल्यांची असते, आत बसायला खोल्यांमागून खोल्या आहेत, त्यामुळे रांग बघून परत फिरायचं नाही, सरळ आत जायचं.

बाकी काय, तर बसायचं. खरंच, हे गाव बसायला चांगलं आहे असं माझं न बघताच मत झालंय. टेकडी चढून जिथे दम लागतो तिथे त्यांनी एकेक कठडा करून ठेवलाय, खाली लाल कौलं आणि पलीकडे तेजो नदी, शाळेच्या नकाशात टॅगस होती ती, इथे एवढी रुंद की खाडीच वाटावी. अशा बऱ्याच कठड्यांजवळ छोटी टपरी असते, कॉफी मिळते, खुर्च्या असतात. ग्रासाचा कठडा संध्याकाळसाठी, सान्ता लुझियाचा सकाळसाठी, तिथे निळ्या टाइल्सवर भूकंपाच्या आधीचा नदीकाठचा चौक काढलेला आहे, म्हणजे पडलेलं गाव टाइलवर बघायचं आणि वळून उभं असलेलं बघायचं. पायात मात्र पकड असलेले बूट हवेत, फुटपाथ सगळे छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडी तुकड्यांचे, पावसाने ओले झाले की गुळगुळीत.

खाण्याचं टेन्शन मला कमी आणि आईला जास्त, तिने मेथीचे ठेपले आत्तापासून काढलेत. पण तिथल्या साध्यासुध्या कॅफेत काचेच्या कपाटात चामुसा ठेवलेला असतो, तो आपलाच त्रिकोणी समोसा, गोव्याच्या वाटेने गेलेला, फक्त आत बहुतेक वेळा खिमा असतो हे विचारून घ्यायचं. गोव्याच्या लोकांची हॉटेलं आहेत, शाकुती, म्हणजे तो मसालेदार गोवन रस्सा, मिळते. नवऱ्याला अगदी वरणभाताची आठवण आली तर राधाकृष्णाचं मोठं देऊळ आहे आणि तिथे शाकाहारी जेवण मिळतं, ते बऱ्यापैकी दीव आणि मोझांबिकहून आलेल्या गुजराती मंडळींचं. आणि हॉटेलात बसल्या बसल्या न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, आपण म्हणतो काय अगत्य, तर ते बिलात लागतं! नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगायचं, कुणी वाईट वाटून घेत नाही. हे मी नवऱ्याला इतक्यांदा सांगितलंय की तो आता घरी पापड वाढला तरी विचारतो, याचे वेगळे का?

एक दुपार पलीकडच्या काठाला जायचं, सोद्रेच्या धक्क्यावरून कासिल्याशची बोट, कामावर जाणारे-येणारे लोक वापरतात ती साधी फेरी, दहा मिनिटांची. टुरिस्ट बोटींचे दर बघितले आणि ही बघितली, अहो तीच नदी, तोच लाल पूल, १९६६ मध्ये हुकूमशहा सालाझारच्या नावाने उघडला आणि १९७४ च्या क्रांतीनंतर '२५ एप्रिल' म्हणू लागले तो. जाऊन काठाकाठाने चालायचं, कायतरी खायचं, परत यायचं.

भांडण राहिलंय ते सिन्त्रावरून. लिस्बनहून ट्रेनने चाळीसेक मिनिटं, डोंगरात राजवाडे, धुकं, आणि तो लाल-पिवळा पेनाचा महाल जो बघून लेकीने, आई हे सोडलंत तर मी बोलणार नाही, असा मेसेज केलाय. मी म्हटलं ठीक आहे, पण ठरवायचं नाही, एखाद्या सकाळी हवा चांगली असली, पाय दुखत नसले तर उठून जाऊ. नवऱ्याने शोधून काढलं की महालाचं तिकीट आधीच काढावं लागतं आणि त्यावर आत शिरायची वेळ असते, ती चुकली की गेलं. म्हणजे मनात येईल तेव्हा जायला आत्ताच दिवस आणि तास ठरवा. काल रात्री तो तिकिटाचं पान उघडून बसला होता, सकाळी साडेनऊ का साडेदहा विचारत होता. मी म्हटलं दुपारचं बघ, तर म्हणाला दुपारी गर्दी असते, सकाळी लवकर उठून, सहा वीसची ट्रेन धरली तर—

मी लॅपटॉप मिटवला. लेकीचं बघू काय ते.