निक्कोची थंडी आणि न पाहिलेले हत्ती

देवळात चपला काढायच्या हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, पण जानेवारीत जपानमधल्या निक्कोच्या तोशोगू देवळात लाकडी जमिनीवर नुसत्या मोज्यांनी उभं राहिलात की भक्ती थेट तळपायातून वर चढते. आईने मात्र घरून आणलेले अंगठ्याचे लोकरी मोजे दोन जोड घातलेले, त्यामुळे ती एकटीच निवांत, आणि आम्ही बाकीचे कोटात हीटपॅक कोंबून, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

टोकियोत आसाकुसाहून तोबू रेल्वेची एक्सप्रेस पकडली की साधारण दोन तासांत निक्को. लोक शरद ऋतूत लाल पानं बघायला मरणाची गर्दी करतात, माझं मत विचाराल तर थंडीतच जावं, फक्त सकाळी लवकर निघा कारण हिवाळ्यात चारला दार बंद.

जपानवर राज्य करणारा शोगुन तोकुगावा इएयासू १६१६ ला गेला, पुढच्याच वर्षी इथे त्याचं देऊळ झालं आणि आत्ता दिसतो तो बराचसा थाट नातू इएमित्सूने १६३६ मध्ये उभारलेला. बाबांनी लगेच हिशोब केला, म्हणजे तेव्हा शिवाजी महाराज सहा वर्षांचे! बाबांचं असंच असतं, जगातलं कुठलंही साल सांगा, ते महाराजांच्या वयात मोजणार. योमेइमोन दरवाजावरची पाचशेच्या वर शिल्पं ते मान दुखेपर्यंत बघत बसले, त्यातल्या एका खांबावरची नक्षी मुद्दाम उलटी ठेवलीय, सगळं पूर्ण झालं की ऱ्हास सुरू होतो म्हणून. आपल्याकडे काळा तीट लावतात तेच की, आई म्हणाली.

तीन माकडं घोड्यांच्या पागेवर आहेत, रांगेतल्या आठ चित्रांपैकी ते एकच, पण सगळे फोटो काढतात त्याचाच. आई अडकली शेजारच्या पहिल्या चित्रापाशी, तिथे माकडीण कपाळावर हात धरून पिल्लाचं भविष्य बघतेय आणि पिल्लू तिच्या तोंडाकडे. "हिला काय दिसतंय गं?" लेकीने विचारलं. "दहावीचा निकाल," आजी.

पण खरी मजा समोरच्या कोठाराच्या छताखाली. तिथले दोन हत्ती कानो तान्यूच्या चित्रावरून कोरलेत आणि त्या चित्रकाराने जन्मात हत्ती पाहिलेला नव्हता, नुसतं ऐकून-वाचून काढला! सोंड आहे, सुळे आहेत, पण कान भलतेच आणि एकूण चेहरा जरा लबाड. आम्ही गणपतीच्या गावचे लोक, आम्हाला हसू आवरेना, बाबा तर चुका काढायला लागले. मग लेक म्हणाली आबा, तुम्ही न बघता ड्रॅगन काढा. बाबा गप्प. मला वाटतं इथला सगळ्यात भारी कारागीर तोच, बाकीच्यांनी बघितलेलं कोरलं.

वर इएयासूच्या समाधीला झोपलेली मांजर कोरलेल्या दारातून २०७ दगडी पायऱ्या, कडेला साचलेला बर्फ, मी म्हटलं आई राहू दे. "जेजुरी चढलेय मी," म्हणून ती पुढे, आणि धापा टाकत मागे मी.

परतताना स्टेशनसमोर तळलेला युबा मांजू खाल्ला, युबा म्हणजे सोयाच्या दुधावरची साय, आत बीन्सचं गोड पुरण आणि वर चक्क मीठ. आईने दोन संपवले आणि मग सांगितलं की पुरणात वेलदोडा हवा होता.