भाडं घरबसल्या येतं, मग काम काय असतं?

“भाडं तर घरबसल्या येतं, मग त्यात तुम्हाला नेमकं काम काय असतं?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा स्वतःचं दुसरं घर घेण्याचा विचार घोळत असतो, त्यामुळे वरवरचं काहीतरी सांगून विषय संपवणं मला बरोबर वाटत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. माझी दोन घरं भाड्याने दिलेली आहेत. मध्ये एजन्सी नाही, माणूस नाही; काही झालं की फोन थेट मला येतो.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की खरी डोकेदुखी भाडं बुडवणाऱ्यांची. तशी माणसं भेटतात, पण कमी. रोजची अडचण वेगळी आहे. घर माझं असलं तरी त्याचं दार मला बंद असतं, आणि ते तसंच असायला हवं, कारण आत दुसऱ्या कुणाचा संसार चाललेला असतो. झीज मात्र त्याच दाराआड होते. नळातला वॉशर झिजतो, सिंकखालचा सांधा पाझरायला लागतो, बाल्कनीच्या दाराची बिजागरी सैल होते, आणि यातलं काहीही मला दिसत नाही. माझ्याच घराची खबर मला दुसऱ्याच्या तोंडून मिळते, तीही त्याला सांगावीशी वाटली तर. त्यामुळे भाडेकरूला वेळेवर सांगावंसं वाटेल असं वागणं, हे माझ्या कामातलं सगळ्यात मोठं काम आहे. बाकीची बरीचशी कामं त्याच्या पोटात येतात.

भाडेकरू सांगत नाहीत याची कारणं साधी असतात. “आमच्याकडून बिघडलं असं म्हणतील”, “डिपॉझिटमधून कापतील”, “भाडं वाढवायला निमित्त मिळेल”, किंवा नुसतं “कशाला त्रास द्यायचा”. शिवाय दुरुस्ती म्हणजे घरात दोन दिवस परकी माणसं, धूळ, आणि कुणाला तरी रजा टाकून घरी थांबावं लागणं. त्यापेक्षा नळाखाली बादली ठेवणं सोपं. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात, म्हणजे २० लिटरच्या आसपास पाणी. पण बादलीत पडणारं पाणी वापरलं जातं, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. तिकडे नळाची बैठक खरवडत जाते, आणि जिथे एका वॉशरवर भागलं असतं तिथे अख्खा नळ बदलावा लागतो.

म्हणून पहिल्या फोनला काय बोलायचं हे मी पक्कं ठरवून ठेवलंय. “कसं काय बिघडलं?” हा प्रश्न विचारायचाच नाही. “बरं झालं लगेच सांगितलंत, एक फोटो पाठवाल का?” इतकंच. कारण कुणाचं, खर्च कुणाचा, हे नंतर. पहिल्याच फोनला ज्याला चौकशीला सामोरं जावं लागतं, तो दुसरा फोन करत नाही. आणि दुरुस्तीला दोन-चार दिवस लागणार असतील तर तसं स्पष्ट सांगते. “बघते” एवढ्यावर ठेवलं, तर समोरच्याला ते “नाही” असंच ऐकू येतं.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते पाणी. भिंतीवर ओल आली की तीन जणांची तीन मतं पडतात. भाडेकरू म्हणतो घर जुनं आहे, प्लंबर म्हणतो फरशी उखडावी लागेल, रंगारी म्हणतो वॉटरप्रूफ रंग मारून टाकू. यातलं काहीही ऐकायच्या आधी पाणी येतंय कुठून हे शोधावं लागतं, आणि ते घाईत कळत नाही. पाणी जिथून आत शिरतं तिथेच बाहेर पडेल असं नसतं. स्लॅबमधून वाट काढत ते हातभर लांब जाऊन दिसतं.

मी जे करते ते असं. आधी घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघायचं. सगळं बंद असूनही काटा हलत असेल तर दाबाखालची लाइन कुठेतरी फुटली आहे; असा डाग घर बंद असलं तरी ओलाच राहतो. मीटर स्थिर असेल आणि डाग आंघोळीनंतर गडद होत असेल, तर संशय सांडपाण्याच्या पाइपवर किंवा फरशीच्या सांध्यांवर. मग फरशी दोन दिवस कोरडी ठेवायची, त्यानंतर नाहणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन-तीन बोटं पाणी भरून २४ तास ठेवायचं. त्यात डाग वाढला तर दोष सांध्यांत. नाही वाढला, आणि बंद काढून पाणी सोडल्यावर वाढला, तर दोष ट्रॅपच्या जोडात किंवा त्यापुढच्या पाइपात. लिहायला सोपं वाटतं, पण यात त्या कुटुंबाचं बाथरूम दिवसभर बंद राहतं. ते दुसरीकडे आंघोळीला जातात, आणि हे सगळं ज्या घरासाठी करतात ते त्यांचं नसतं. त्यांच्या या सोसण्याची किंमत घरमालकाने ओळखायला हवी असं मला मनापासून वाटतं. त्या महिन्याच्या भाड्यात मी आपणहून काही कमी करते. मागायची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

दुसरी ओल पावसाची नाही आणि पाइपाचीही नाही. हवेतली वाफ गार भिंतीवर पाणी होऊन बसते, त्यावर काळी बुरशी चढते, आणि इथेच घरमालक-भाडेकरूंची सगळ्यात जास्त भांडणं होतात. एक म्हणतो तुमची भिंत खराब, दुसरा म्हणतो तुम्ही खिडक्या उघडत नाही. यावर एक साधी चाचणी आहे. भिंतीचा डागाळलेला भाग पुसून कोरडा करायचा, त्यावर हातभर अॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून लावायची आणि दिवस-दोन दिवस तशीच ठेवायची. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर ओलावा खोलीतल्या हवेतला आहे. काढल्यावर मागची, भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. एकदा एका भाडेकरू मुलीला मी ही फॉइल स्वतःच लावायला सांगितली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, “काकू, पुढची बाजू ओली आहे, मागची एकदम कोरडी.” निकाल तिने स्वतः बघितलेला होता, त्यामुळे वादाला जागाच उरली नाही. मग आम्ही दोघींनी मिळून कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, ओले कपडे खोलीत वाळवायचं तिने थांबवलं, आणि बाथरूममध्ये वाफ बाहेर ओढणारा पंखा मी बसवला. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली की बुरशीला जोर धरता येत नाही. उपाय दोघांच्या हातात होता, म्हणून तो दोघींनीही केला.

आणि रंगाची घाई करू नका, ही माझी अगदी कळकळीची विनंती. ओल्या भिंतीवर मारलेला रंग पोपडे धरून खाली येतो. नवीन प्लास्टर केलं असेल तर त्याला सुकायला चार आठवडे लागतात हे भाडेकरूला आधीच सांगून ठेवावं. महिनाभर करड्या ठिगळाच्या भिंतीसोबत त्याला राहायचं असतं.

विजेबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. “हीटर लावला की घरातली लाइट जाते” असा फोन आला, तर बहुतेकदा हीटरच्या एलिमेंटला तडा गेलेला असतो आणि गळणारा करंट पकडून आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच, आपलं काम करत असतो. माणसाचा जीव वाचवण्यासाठी बसवतात तो ३० मिलीअँपिअरला पडतो. कंटाळून कुणीतरी इलेक्ट्रिशियनकडून तो वगळून घेतो, आणि लाइट जायची थांबली म्हणून सगळे खूश होतात. त्या बाथरूममध्ये ओल्या अंगाने कुणीतरी उभं असणार हे कुणाच्या मनातही येत नाही. नवीन भाडेकरू आला की मी त्याला बोर्डाजवळ घेऊन जाते, टेस्टचं बटण त्याच्याच हाताने दाबायला लावते, आणि सांगते की हा पुन्हा पुन्हा पडला तर कधीही, रात्रीसुद्धा, मला फोन करा.

आता पैशाचं बोलू, कारण विचारणाऱ्याला तेच हवं असतं. ज्याच्याकडे ५० घरं आहेत त्याची दोन रिकामी राहिली तरी चालतं. माझं एक रिकामं राहिलं की अर्धं उत्पन्न थांबतं, आणि कर्जाचा हप्ता, कर, देखभाल यातलं काहीच थांबत नाही. एक महिना घर रिकामं म्हणजे वर्षाच्या भाड्यातला बारावा हिस्सा गेला, सुमारे ८.३ टक्के. भाडं ५ टक्क्यांनी वाढवण्याच्या हट्टापायी चांगलं कुटुंब सोडून गेलं आणि घर एकच महिना रिकामं राहिलं, तर तेवढे पैसे भरून यायला २० महिने लागतात. रंगकाम, साफसफाई, नवा करारनामा हा खर्च आणखी वेगळा. म्हणून नीट राहणाऱ्या माणसाला बाजारभावापेक्षा थोडं कमी भाडं ठेवणं मला परवडतं.

भाडं उशिरा येणं ही गोष्ट मी फार ताणत नाही. “या महिन्यात दहा दिवस लागतील” असं पाच तारखेच्या आत सांगणारा माणूस मला चालतो. गप्प बसणारा काळजी लावतो. दोघांशी एकाच पद्धतीने वागलं, तर पुढच्या वेळी कुणीच आधी सांगणार नाही.

नवा भाडेकरू ठरवताना आधीच्या घरमालकाशी बोलायची पद्धत आहे. मी त्याच्याही आधीच्या घरमालकाला फोन करते. सध्याच्या घरमालकाला नकोशा माणसापासून सुटका हवी असू शकते, त्यामुळे तो कौतुकच करील. त्याआधीच्याला आता काही देणंघेणं नसतं. माणूस एकटा आहे की कुटुंबवाला, कुठला आहे, यावरून मी निर्णय घेत नाही. उत्पन्न भाड्याला पुरतं का आणि मागचं घर त्याने कसं सोडलं, एवढं मला पुरतं.

घर सोडण्याचा दिवस नाजूक असतो. वर्षानुवर्षं चांगलं चाललेलं नातं डिपॉझिटच्या हिशोबात एका तासात तुटलेलं मी बघितलंय. वापराने होणारी झीज आणि केलेलं नुकसान यांतली सीमा आधी ठरलेली नसली की असं होतं. उन्हाने विटलेला रंग, चालून चालून घासलेली फरशी, सैल झालेली मूठ, ही झीज; ती माझी. फुटलेलं बेसिन, दारात पाडलेलं भोक, हे नुकसान. नुकसानीतही पूर्ण नव्याची किंमत मागणं अन्यायाचं आहे. रंग पाच वर्षं टिकतो असं धरलं आणि माणूस तीन वर्षं राहिला, तर त्याने खराब केलेल्या भिंतीचा फार तर दोन पंचमांश खर्च त्याच्याकडे मागता येतो, कारण तीन वर्षांचा रंग भाड्यात वसूल झालेला आहे. हा हिशोब मी करारावर सही करतानाच समजावते. किल्ली देताना दिवसाउजेडी दोघांनी मिळून प्रत्येक खोलीचे, सिंकखालचे, कपाटांच्या आतले फोटो काढायचे, मीटरचे आकडेही त्यात घ्यायचे, आणि फोटो दोघांकडेही राहू द्यायचे. त्यांच्याकडे ते असणं माझ्याकडे असण्याइतकंच गरजेचं आहे.

शेजारी हा मधला पेच. खालच्या घरातून रात्रीच्या आवाजाची तक्रार माझ्याकडे येते, कारण नंबर माझा असतो. ऐकीव गोष्टीवर मी भाडेकरूला रागावू शकत नाही आणि शेजाऱ्याला झटकूही शकत नाही. माझा अनुभव असा की दोघांची एकमेकांशी समोरासमोर ओळख करून दिली की निम्म्या तक्रारी माझ्यापर्यंत येतच नाहीत. म्हणून भाडेकरू राहायला येतो त्याच आठवड्यात ही ओळख मी करून देते.

किल्लीची एक प्रत माझ्याकडे असते. पाणी भरलं, आग लागली अशा वेळेखेरीज ती मी वापरत नाही. बघायला जायचं असेल तर निदान एक दिवस आधी विचारते, आणि “आज नको” म्हणाले तर जात नाही.

तर दुसरं घर घेणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी बघाव्यात. निदान तीन महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम बाजूला ठेवता येणार आहे का, जिला दुरुस्ती आणि रिकाम्या दिवसांखेरीज हात लावायचा नाही. आणि ते घर इतकं जवळ आहे का, की संध्याकाळी फोन आला तर त्याच संध्याकाळी जाऊन मीटरचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. दोन्ही जमत असेल तर जरूर घ्या, आणि प्लंबरचा नंबर घर घेण्याआधीच शोधून ठेवा.