२४१ आणि २४१

क्रीडा डेस्कवर रात्रपाळ्या करून निकाल लिहायचं एक व्याकरण अंगात मुरतं. अमुक संघ इतक्या धावांनी विजयी, किंवा इतके गडी राखून. अमुकची तमुकवर सरळ सेटमध्ये मात. वाक्य तेच, आकडे बदलायचे. इतक्या वर्षांत ते वाक्य माझ्या हाताखाली कधी अडलं नव्हतं. १४ जुलै २०१९ च्या रात्री अडलं.

त्या रविवारी डेस्कवर मी आणि नुकताच लागलेला एक ट्रेनी, एवढेच होतो. क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल आणि डेस्कवर दोनच माणसं, हे ऐकून कुणी हसेल. पण भारत चार दिवसांपूर्वीच सेमी फायनलमध्ये न्यूझीलंडकडून १८ धावांनी हरून घरी निघाला होता. मार्टिन गप्टिलच्या थेट फेकीवर धोनी धावचीत झाला आणि आमच्याकडे रविवारच्या सुट्ट्यांचे अर्ज पडले. फायनल इंग्लंड आणि न्यूझीलंडची, म्हणजे आपल्या वाचकाला फारसं सोयरसुतक नाही, असा हिशोब. मीही तोच केला होता. तीन बातम्या, एक पान, बाराला घरी.

सिल्व्हरस्टोनच्या फॉर्म्युला वन शर्यतीने काहीच त्रास दिला नाही. लुईस हॅमिल्टनने ब्रिटिश ग्रां प्री सहाव्यांदा जिंकली आणि जिम क्लार्क, ॲलन प्रॉस्ट यांना पाच विजयांवर मागे टाकलं. विक्रम, फोटो, दोन कॉलम. आठ-साडेआठला ती बातमी पानावर बसली सुद्धा.

उरलेल्या दोन बातम्यांसाठी दोन टीव्ही शेजारी शेजारी चालू होते. आवाज एकाचाच ठेवता येतो. मी तो विम्बल्डनच्या फायनलचा ठेवला, फेडरर विरुद्ध जोकोविच. उघड सांगते, मी फेडररच्या बाजूची. डेस्कवर बसून बाजू घेऊ नये हे ट्रेनीला मीच शिकवत होते, ते सोडा. पाचवा सेट, फेडरर ८-७ ने पुढे, सर्व्हिस त्याची, गुण ४०-१५. विजेतेपदाचे दोन पॉइंट हातात. आठ विम्बल्डन त्याच्या नावावर होतीच, हे नववं झालं असतं. एकविसावं ग्रँड स्लॅम. वय जवळजवळ ३८, म्हणजे १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकणाऱ्या केन रोझवॉलपेक्षाही मोठा विजेता. इंट्रोत हे सगळं मी आधीच ओवून ठेवलं होतं. मथळा तर दुपारपासून तयार होता: ‘फेडररची नवमी’. मथळा आवडला की माणूस आंधळा होतो.

बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची वेळ टळून चालली होती. प्रेसमधून दोनदा फोन येऊन गेला होता. पान लावणाऱ्या ऑपरेटरने मान वळवली.

“ताई, सोडू का?”

“सोड.”

त्याने पान छपाईला सोडलं. फेडररचा फोरहँड बाहेर गेला. ४०-३०. ठीक आहे, अजून एक आहे. पुढच्या पॉइंटला फेडरर नेटवर धावला आणि जोकोविचने फोरहँडचा क्रॉसकोर्ट फटका त्याच्या बाजूने काढला. त्या फटक्यात काही चमत्कार नव्हता. चेंडू जिथे जायला हवा तिथे गेला, इतकंच. थोड्याच वेळात फलकावर ८-८.

मी फोनकडे धावले. “प्लेट काढू नका!”

“काढली की,” प्रेसमधला माणूस शांतपणे म्हणाला.

“मग टाकून द्या.”

“कुणाच्या नावावर टाकू?”

माझं नाव सांगितलं. वाया गेलेल्या प्लेटची नोंद रजिस्टरमध्ये होते, कारणाच्या रकान्यासकट. त्याने काय कारण लिहिलं ते मी कधी बघायला गेले नाही. डाक आवृत्तीत ‘वृत्त देईपर्यंत सामना सुरू होता’ ही ओळ गेली. ती ओळ नामुष्कीची असते, पण खरी असते.

ऑपरेटरला आता शहर आवृत्तीसाठी नवीन पान लावायला सांगितलं आणि तेव्हा कुठे माझं लक्ष दुसऱ्या टीव्हीकडे गेलं. ट्रेनी उभा राहून बघत होता. न्यूझीलंडच्या २४१ धावांचा पाठलाग करणारं इंग्लंड ४ बाद ८६ वरून बेन स्टोक्स आणि जॉस बटलर यांच्या ११० धावांच्या भागीदारीने सावरलं होतं. पण बटलर ५९ वर गेला आणि पुन्हा घसरण लागली. ४९ व्या षटकात स्टोक्सचा उंच फटका ट्रेंट बोल्टने सीमारेषेवर झेलला. झेलला, आणि मागे सरकताना त्याचा पाय दोरीवर पडला. बाद होता होता सहा धावा. मी आवाजाची अदलाबदल केली.

शेवटचं षटक बोल्टचं, हव्या १५. पहिले दोन चेंडू कोरे. तिसऱ्यावर षटकार. चौथ्याबद्दल आजही कुणी विचारलं की मी हातवारे करून सांगते: स्टोक्सने चेंडू मिडविकेटला मारला, दुसऱ्या धावेसाठी सूर मारला, तिकडून गप्टिलची फेक आली, ती स्टोक्सच्या पुढे आलेल्या बॅटला लागली आणि चेंडू थेट सीमेपार. स्टोक्सने जमिनीवरूनच दोन्ही हात वर केले, माझा काही दोष नाही अशा अर्थाने. पंचांनी सहा धावा दिल्या. ३ चेंडूंत ९ हव्या होत्या, त्या २ चेंडूंत ३ झाल्या. पुढच्या दोन्ही चेंडूंवर एकेक धाव पळून झाली आणि दुसरीच्या नादात आधी आदिल रशीद, मग मार्क वूड धावचीत. इंग्लंड सर्वबाद २४१.

“टाय,” ट्रेनी म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “आता?”

आता तिकडे जोकोविच आणि फेडरर १२-१२ वर पोहोचून टायब्रेक खेळत होते. हाही नियम त्याच वर्षी आलेला. आदल्या वर्षी सेमी फायनलमध्ये केविन अँडरसन आणि जॉन इस्नर यांचा शेवटचा सेट २६-२४ पर्यंत चालला, सामना साडेसहा तासांच्या वर गेला, तेव्हा विम्बल्डनवाल्यांनी निर्णायक सेटलाही कुंपण घातलं. म्हणजे लंडनच्या दोन टोकांना दोन फायनल, आणि दोन्हीकडे खेळ संपून आता नियमपुस्तिका खेळत होती. लिहायचं काय ते मला दोन्हीकडे कळत नव्हतं.

आधी टेनिसचा निकाल लागला. जोकोविच ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२. ४ तास ५७ मिनिटं, विम्बल्डनमधली एकेरीची सर्वांत लांबलेली फायनल. एजन्सीच्या कॉपीखाली आकडेवारी होती. फेडररचे एकूण गुण २१८, जोकोविचचे २०४. विजयी फटके फेडररचे ९४, जोकोविचचे ५४. मी उलटसुलट झालं असेल म्हणून दोनदा ताडून पाहिलं. नव्हतं झालं. फेडररने आपले सेट ऐटीत जिंकले होते आणि जोकोविचने तिन्ही टायब्रेक. जिथे गुण मोजावा तिथेच त्याने तो घेतला. माझा जळफळाट बाजूला ठेवून सांगायचं तर हीच त्याची खरी ताकद.

तिकडे लॉर्ड्सवर, क्रिकेटच्या फायनलमध्ये, सुपर ओव्हर, म्हणजे टाय सोडवायला दोघांना एकेक षटक. स्टोक्स आणि बटलर यांनी बोल्टला १५ धावा काढल्या. न्यूझीलंडला हव्या १६, समोर जोफ्रा आर्चर. जिमी नीशमने एक षटकार ठोकला आणि हिशोब एका चेंडूत दोन धावांवर आला. स्ट्राइकला कोण, तर गप्टिल. धोनीला धावचीत करणारा, ज्याच्या फेकीच्या चार धावा स्टोक्सच्या बॅटला लागून इंग्लंडच्या खात्यात गेल्या तोच. एक धाव झाली, दुसरीला जेसन रॉयची फेक बटलरच्या हातात आली आणि बटलरने यष्ट्या उडवल्या. पुन्हा १५-१५.

फटाके सुरू झाले. माणसं मैदानात सैरावैरा धावत होती. ट्रेनीने मात्र सरळ प्रश्न विचारला, “ताई, पण हरलं कोण?”

एवढ्यात मुख्य उपसंपादकांचा घरून फोन. “इंग्लंड ना? किती धावांनी?”

“शून्य.”

“म्हणजे?”

“सर, सामना टाय. सुपर ओव्हर पण टाय. इंग्लंडचे चौकार-षटकार जास्त. २६ विरुद्ध १७.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “अगं, हे मथळ्यात कसं बसवणार?”

तोच तर प्रश्न होता. ऑपरेटरने ‘टाय टाय फिश्श’ सुचवलं. तो विनोद करत होता की नाही हे कळत नव्हतं आणि रात्री बारा वाजता मला ते क्षणभर पटलंही. शेवटी ‘इंग्लंड जगज्जेते’ असा बिनचवीचा मथळा टाकला. पुरुषांचा वर्ल्ड कप त्यांनी पहिल्यांदाच जिंकला होता, मथळा चुकीचा नव्हता. खाली स्ट्रॅप, म्हणजे उपमथळा: ‘न्यूझीलंड न हरता उपविजेते’. बातमीच्या पहिल्या वाक्यावर मात्र माझी दहा मिनिटं गेली. ‘चौकार-षटकारांच्या संख्येवर न्यूझीलंडवर मात’ असं लिहिलं, खोडलं. मात कसली? पुन्हा तेच लिहिलं. दुसरं क्रियापदच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेस्कवरचा फोन वाजत राहिला. एका वाचकाचा आवाज वयस्कर आणि आर्जवी होता. “तुमच्या पानावर दोन्ही संघांच्या धावा सारख्याच छापल्या आहेत, जरा बघून घ्या.” मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, “बरं. पण टेनिसमध्येही १३-१२ छापलंय. दोनचा फरक लागतो ना हो?” त्यांनी आमचं पान किती बारकाईने वाचलं होतं! मला फोन ठेवून द्यावासा वाटेना. पुढे माजी पंच सायमन टॉफेल यांनी सांगितलं की त्या ओव्हरथ्रोवर सहा नव्हे, पाचच धावा द्यायला हव्या होत्या. फेक सुटली तेव्हा फलंदाजांनी दुसऱ्या धावेसाठी एकमेकांना ओलांडलं नव्हतं. पाच दिल्या असत्या तर पुढचा चेंडू रशीदला खेळावा लागला असता. हे छापलं त्या दिवशी त्या काकांचा फोन येईल असं वाटलं होतं. आला नाही.

त्या वर्षाने पुढेही असंच छळलं. २५ ऑगस्टला बाझेलमध्ये पी. व्ही. सिंधूने नोझोमी ओकुहाराला २१-७, २१-७ असं झोडपून बॅडमिंटनचं जागतिक विजेतेपद मिळवलं, ते मिळवणारी पहिली भारतीय. दोन वर्षांपूर्वी याच ओकुहाराने तिला फायनलमध्ये ११० मिनिटं झुंजवून हरवलं होतं. या खेपेला ३८ मिनिटं पुरली. नेमका त्याच रविवारी हेडिंग्लेवर स्टोक्सने नाबाद १३५ करून ॲशेस कसोटी एक गडी राखून जिंकली, शेवटच्या विकेटच्या ७६ धावांत जोडीदार जॅक लीचची एक. सिंधूला वरचे आठ कॉलम दिले, स्टोक्सला बॉटम. यात डोकं चालवायला लागलं नाही. दोन्ही निकाल माझ्या लाडक्या वाक्यात बसणारे होते.

ऑक्टोबर पुन्हा वाकडा. १२ तारखेला व्हिएन्नात केनियाचा एलियुड किपचोगे १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला. पुढे गाडी रस्त्यावर लेझरची रेषा आखतेय, आळीपाळीने येणारे ४१ साथीदार वारा अडवताहेत. माणूस दोन तासांच्या आत ४२.१९५ किलोमीटर धावला, आणि हा विक्रम नाही, कारण ही स्पर्धाच नव्हती. दुसऱ्याच दिवशी शिकागो मॅरेथॉनमध्ये ब्रिजिड कॉसगे २:१४:०४ मध्ये आली आणि पॉला रॅडक्लिफचा २००३ पासूनचा २:१५:२५ हा महिलांचा विक्रम मोडला. त्याच दिवशी स्टुटगार्टमध्ये जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सची जागतिक स्पर्धांतली पदकं २५ झाली. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, आयसीसीने चौकार मोजायचा नियम मोडीत काढला. लॉर्ड्सला बरोबर तीन महिने झाले होते. यापुढे सेमी फायनल आणि फायनलमध्ये निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर. ही बातमी मी सिंगल कॉलम लावली आणि नंतर उगीचच दोन कॉलम केली.

डिसेंबरच्या शेवटी ‘सरत्या वर्षाचा आढावा’चं पान माझ्याकडे आलं. तक्ता ठरलेला: स्पर्धा, विजेता, उपविजेता, फरक. चॅम्पियन्स लीग फुटबॉलमध्ये लिव्हरपूल, दोन गोल. महिलांच्या फुटबॉलमध्ये अमेरिका, नेदरलँड्सवर २-०. रग्बीत दक्षिण आफ्रिका, इंग्लंडवर ३२-१२. भराभर भरत गेले. लॉर्ड्सच्या ओळीत ‘फरक’ या रकान्यात बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला. शेवटी तिथे ‘२४१–२४१, १५–१५, चौकार-षटकार २६–१७’ असं कोंबलं. टाइप एक पॉइंटने कमी करावा लागला.

तासाभराने मुद्रितशोधक काका प्रूफ घेऊन स्वतःच आले. लाल पेनाने २४१ भोवती वर्तुळ होतं, १३-१२ भोवती वर्तुळ होतं, आणि कॉसगेच्या ओळीशेजारी प्रश्नचिन्ह: ‘किपचोगेची वेळ चांगली, मग विक्रमात ही का?’

मी तिन्ही ठिकाणी ‘बरोबर आहे’ असं लिहून सही केली. काका जाईनात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शेजारची खुर्ची ओढली.

“सांग,” म्हणाले. “पान जायला अजून वीस मिनिटं आहेत.”