हरिश्चंद्रगडावर ड्रोन: ग्रीन झोनच्या भरवशावर जाऊ नका

पाचनईहून चढाई, देवळापाशी मुक्काम, मग कोकणकडा. वाट सोपी आहे, त्यावर वेगळं लिहायची गरज नाही. अडचण सगळी बॅगेतल्या ड्रोनची आहे. या कड्याचे ड्रोन व्हिडिओ इतके फिरतात की बघणारा गृहीतच धरतो, इथे उडवलेलं चालतं.

चालत नाही. हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर एखादी जागा ग्रीन झोनमध्ये दिसली, तर तिथे १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत विमान वाहतुकीच्या बाजूने वेगळी परवानगी लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वनखात्याचं काय, हे तो नकाशा सांगत नाही. अभयारण्यातल्या छायाचित्रणाची परवानगी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांकडून घ्यावी लागते. चौकशी नाशिकच्या वन्यजीव विभागात करा, काही आठवडे आधी करा आणि अर्जात ‘ड्रोन’ हा शब्द स्पष्ट लिहा. नाक्यावरची प्रवेशशुल्काची पावती म्हणजे ही परवानगी नव्हे. याच कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं साधन सरकारजमा होतं. दंड भरून ड्रोन सोडवून आणू, या हिशोबात राहू नका.

परवानगी हातात असली तरी खरा वाईट टप्पा कड्याच्या काठावरचा. ड्रोन उंची मोजतो ती जिथून उडाला तिथपासून. काठावरून उडवून ड्रोन दरीवर नेला की स्क्रीनवर ३० मीटर दिसतात, पण खालची जमीन शेकडो मीटर खोल गेलेली असते. १२० मीटरच्या वरचं आकाश यलो झोन आहे आणि तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. म्हणजे ज्या शॉटसाठी सगळे येतात, तोच शॉट नियम मोडतो. फ्लाइट लॉगमध्ये जागा, उंची, वेळ सगळं नोंदलेलं असतं, आणि विमा कंपनी आधी तो लॉगच मागते. ड्रोन काठाच्या आतच ठेवा, कॅमेरा दरीकडे वळवा.

वाऱ्याचंही तसंच. कडा आतून अर्धगोल कोरलेला असल्याने वारा भिंतीवर आपटून सरळ वर फेकला जातो. छोट्या ड्रोनची सहनशक्ती सेकंदाला साधारण १० मीटर वाऱ्याची. दरीवर जाताच खालचे सेन्सर जमीन गमावतात आणि परतीच्या वेळी वारा समोरून असला तर तो बॅटरी खातो. ४० टक्क्यांना मागे फिरा. कड्याकपारीला आग्या मोहोळं असतात, त्यांच्या जवळ ड्रोन अजिबात नेऊ नका. मधमाश्या उठल्या तर काठावर बसलेल्या माणसांना पळायला जागा नसते.

आता विमा. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो सोडला तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. इथे लोक वजनात फसतात. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला मोठी बॅटरी, प्रॉपेलर गार्ड किंवा फिल्टर लावला की तो मायक्रो झाला, म्हणजे त्याच्या वरच्या वजनगटात गेला. मायक्रो हौशी वापराला रिमोट पायलट सर्टिफिकेटशिवाय चालतो, व्यावसायिक वापराला नाही. चॅनेलवरून पैसे मिळत असतील किंवा रीलच्या बदल्यात फुकट राहायची सोय असेल, तर तो वापर व्यावसायिकच धरा.

थर्ड पार्टीत तुमचा ड्रोन येत नाही, त्यासाठी हल कव्हर वेगळं घ्यावं लागतं. प्रवास विम्यावर विसंबू नका. पॉलिसीत तीन ओळी शोधा: बेकायदा उड्डाण, सर्टिफिकेट नसलेला पायलट, आणि न सापडलेला ड्रोन. बऱ्याच पॉलिसी या तिन्हीला पैसे देत नाहीत, आणि कोकणकड्यावरून गेलेला ड्रोन खाली बेलपाड्याच्या रानात पडतो, तिथून अवशेष काढून आणणं जवळपास अशक्य. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. त्यानंतर परदेशातून कुणाच्या सामानातून आलेल्या ड्रोनचं रीतसर बिल नसतं, नोंदणी अडते, म्हणून त्याच्यासाठी हप्ता भरणं हे पैसे वाया घालवणं आहे.

अपघात झालाच तर ४८ तासांत डिजिटल स्कायवर कळवायचं असतं. गडावर रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे जागेचे फोटो, वेळ आणि लॉग फोनमध्ये तिथेच साठवून घ्या. चढून थकल्यावर हे सुचत नाही, म्हणून यादी पायथ्याशीच कागदावर लिहा. यूआयएन म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक, सर्टिफिकेट, पॉलिसी आणि वनखात्याचं पत्र यांच्या छापील प्रती सोबत ठेवा.

पत्र नसेल तर ड्रोन घरीच ठेवा. तीन बॅटऱ्या, रिमोट आणि पेटी मिळून वजन दीड किलोपर्यंत जातं, तेवढं पाणी जास्त नेता येतं.