मीटिंग ग्रीनची, भांडण वड्याचं

आज गोल्फ क्लबच्या कमिटीची मीटिंग होती, विषय ग्रीनच्या (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) एरेशनचा, म्हणजे घट्ट माती मोकळी करायचा, आणि पहिला पाऊण तास गेला बटाटेवडा गार येतो यावर 😄 पुणेकर मेंबर, दुसरं काय होणार! पण खरं सांगायचं तर लोक वर्गणी भरतात ती नुसत्या गोल्फसाठी नाही, संध्याकाळी चार टाळकी जमावीत म्हणूनपण, त्यामुळे किचन सुधारायलाच हवं.

मग सकाळी माळीकाकांबरोबर सातव्या ग्रीनवर गेलो होतो ते सांगितलं. गवत तीन-चार मिलिमीटरवर कापायचं, वरून रोज बुटांचा मार, खाली माती दगडासारखी घट्ट, पाऊस पडला की पाणी वरच तुंबतं आणि मुळं कुजतात. काकांनी सुरी खुपसून तुकडा काढून दाखवला, मुळं जेमतेम बोटाच्या पेराएवढी, वासपण आंबूस. म्हणून मशीनने भोकं पाडून वाळू भरायची. दोन-तीन आठवडे बॉल उड्या मारत जाणार आणि लोक मला शिव्या घालणार, घालू देत.

एका सीनियर कॅडीला (खेळाडूंच्या बॅगा वाहणारा) मीटिंगला बोलवा म्हटलं तर दोघांची तोंडं वाकडी झाली. अरे, पाणी कुठे साठतं हे त्याच्याएवढं कुणाला माहितीये? पुढच्या वेळी मीच घेऊन येतोय त्याला.